लोट्याचे ऊन आणि सनस्क्रीनचा आकडा

मुंबई-गोवा महामार्गावर खेड ओलांडून चिपळूणकडे जाताना, परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे परशुराम ही रासायनिक औद्योगिक वसाहत लागते. रत्नागिरी जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला तिचे नाव ठाऊक असते ते बहुधा सांडपाणी, वायुगळती किंवा एखाद्या दुर्घटनेच्या बातमीतून. या वसाहतीत आणि तिच्या आसपासच्या गावांत आणखी एक धोका दररोज साऱ्यांच्या अंगावर येत असतो. मात्र त्याची नोंद ना कारखान्याच्या वहीत होते, ना आरोग्य केंद्राच्या. हा धोका उन्हाचा आहे. नेमके सांगायचे तर उन्हातल्या अतिनील किरणांचा. टँकर रिकामा होण्याची वाट पाहणारा चालक, पाइपलाइनवर वेल्डिंगसाठी बसलेला कंत्राटी कामगार, महामार्गाच्या कामावरचे मजूर, झेला घेऊन हापूसच्या झाडावर चढलेला गडी आणि दुपारच्या पाळीसाठी दुचाकीवरून निघालेला तंत्रज्ञ हे सगळे एकाच सूर्याखाली असतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना सनस्क्रीन माहीत आहे. ज्यांना ते माहीत आहे, त्यांच्यापैकीही बहुतेकांची समजूत ती गोरेपणाची आणखी एक क्रीम आहे अशीच आहे.

दुसरीकडे, शहरी बाजारपेठेत सनस्क्रीनची चलती आहे. त्यावरून न्यायालयीन लढाया होऊ लागल्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये 'लॅक्मे' या नाममुद्रेच्या जाहिरातीवरून हिंदुस्थान युनिलिव्हर आणि 'द डर्मा को' ही नाममुद्रा चालवणारी होनासा कन्झ्युमर या दोन कंपन्या दिल्ली आणि मुंबई उच्च न्यायालयांत परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या. बाजारातल्या काही सनस्क्रीनवर लिहिलेला ५० हा आकडा चाचणीत टिकत नाही, असा त्या जाहिरातीचा सूर होता. जाहिरातींच्या भाषेचा तो वाद पुढे आश्वासने आणि दुरुस्त्यांच्या वाटेने गेला. ग्राहकाच्या मनात मात्र त्याने एक रास्त प्रश्न रुजवला. बाटलीवरचा हा आकडा म्हणजे नेमके काय, आणि तो खरा आहे हे कोण पाहते?

ऊन वेगळे, उष्मा वेगळा

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात उन्हाची तीव्रता तापमानाने मोजण्याची सवय आहे. चंद्रपूर, नागपूर, अकोला ही गावे तापली की उन्हाळा कडक. कोकणात पारा पस्तिशीच्या आसपास राहिला की तिथले ऊन सौम्य, असा सर्वसाधारण समज असतो. उष्म्याच्या बाबतीत तो काही अंशी खरा आहे, जरी दमट हवेत पस्तिशीचा पाराही जीव नकोसा करतो. अतिनील किरणांच्या बाबतीत मात्र हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. हे किरण हवेच्या तापमानावर अवलंबून नसतात. ते सूर्य आकाशात किती उंच आहे, आकाश किती स्वच्छ आहे आणि वातावरणात ओझोन किती आहे यांवर ठरतात.

लोटे सुमारे साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर येते. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी गोळा होते. शून्य सावलीचा हा दिवस मुंबईला त्यानंतर काही दिवसांनी आणि नागपूरला मेच्या अखेरच्या आठवड्यात येतो. म्हणजे आंबा उतरवण्याची घाई आणि अतिनील किरणांचा कळस हे दोन्ही कोकणात एकाच वेळी येतात. शिवाय भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून ठरते, त्याच्या बऱ्याच पश्चिमेला कोकण आहे. तिथला खरा मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता न होता साडेबाराच्या सुमारास होतो. कारखान्यातली जेवणाची सुट्टी बहुधा याच वेळेला असते. सुट्टीत फाटकाबाहेरच्या टपरीपर्यंत चालत जाणारा कामगार दिवसातला सर्वांत तीव्र किरणांचा वेळ उघड्यावर काढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या अतिनील निर्देशांकात ३ पासून पुढे संरक्षण हवे, ८ ते १० अतितीव्र आणि ११ पासून पुढे टोकाचे, अशी प्रतवारी आहे. उष्ण कटिबंधातल्या निरभ्र उन्हाळी दुपारी हा निर्देशांक ११ च्या वर जाणे नेहमीचे आहे. डिसेंबरच्या अखेरीसही लोटे येथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो. त्यामुळे हिवाळ्यात ऊन कोवळे असते हे सकाळपुरतेच खरे. पातळ ढगांतूनही यातले बरेचसे किरण खाली उतरतात. पावसाळ्यातल्या उघडिपीत म्हणूनच चेहरा भाजल्यासारखा होतो.

उष्म्यापासून वाचवण्याचे काम सनस्क्रीन करत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. तिथे गरज सावली, पाणी आणि योग्य वेळेची होती. कातडीवर लावलेला लेप शरीराचे तापमान रोखत नाही. उष्माघात आणि त्वचेची हानी हे एकाच सूर्याचे दोन वेगळे प्रताप आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

काळी त्वचा आणि अर्धसत्य

भारतीय त्वचेला सनस्क्रीन लागतच नाही, असे एक मत वारंवार ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणे शोषते. त्यामुळे गोऱ्या त्वचेपेक्षा सावळ्या त्वचेला अंगचे संरक्षण अधिक असते. ऑस्ट्रेलिया किंवा उत्तर युरोपातल्या गोऱ्या लोकांच्या तुलनेत भारतात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण फारच कमी आहे. मेलॅनोमा हा त्यातला घातक प्रकार भारतीयांमध्ये बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली, म्हणजे जिथे ऊन क्वचितच पोहोचते अशा जागी आढळतो. परदेशातली भीती जशीच्या तशी इथे आणून विकणे म्हणूनच अप्रामाणिकपणाचे ठरते.

मात्र कर्करोग हा उन्हाचा एकमेव परिणाम नव्हे. गालांवर आणि कपाळावर पसरणारे वांग, कमी वयात येणाऱ्या सुरकुत्या, उघड्या भागावर उठणारी खाज आणि पुरळ यांचे प्रमाण भारतीयांत भरपूर आहे. ल्यूपससारख्या विकारात ऊन आजार बळावण्याचे निमित्त ठरते. कोड असलेल्या त्वचेच्या पांढऱ्या भागाला आणि जन्मतःच रंगद्रव्याचा अभाव असलेल्या व्यक्तींना तर मेलॅनिनचे कवचच नसते. त्यांच्यासाठी सनस्क्रीन ही चैन मुळीच नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ आणि मोतीबिंदू यांच्याशीही अतिनील किरणांचा संबंध आहे. त्यावरचा उपाय टोपी आणि चष्मा हा आहे.

महाराष्ट्राच्या अनुभवातलेच एक उदाहरण येथे बोलके ठरेल. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्याच्या परिसरात नजरेस आलेले गाजरगवत पुढे देशभर पसरले. या गवताच्या संपर्कामुळे होणारा त्वचादाह अनेक शेतकऱ्यांत असे रूप घेतो की पुढे नुसते ऊनही सोसत नाही. वनस्पती किंवा रसायन आणि सूर्यप्रकाश एकत्र आले की त्वचेवर काय घडू शकते, याचा हा धडा आहे. लोट्यासारख्या ठिकाणी तो दुप्पट लागू होतो.

रसायन आणि ऊन यांची युती

काही पदार्थ त्वचेत असताना किंवा पोटात गेलेले असताना ऊन लागले की त्वचा नेहमीपेक्षा लवकर भाजते. डांबर आणि कोळशाची डामर, काही रंग आणि त्यांचे कच्चे पदार्थ, लिंबाचा रस, बावचीसारख्या वनस्पती ही त्याची परिचित उदाहरणे. औषधांतही असे अनेक घटक आहेत. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा प्रतिबंध म्हणून शेतात राबणाऱ्यांना दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन हे त्यांपैकीच एक. ते टाळावे असे नव्हे. लेप्टो जीव घेऊ शकतो. पण गोळी देणाऱ्याने 'उन्हात अंग झाका' एवढे सांगितले, तर पुढचा त्रास टळू शकतो.

कामगारविषयक कायद्याने त्वचेचा विचार केलेलाच नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत ज्या २९ आजारांची सूचना देणे बंधनकारक होते, त्यात रसायने आणि रंग यांच्या थेट संपर्काने होणारा त्वचादाह आणि त्वचेचा प्राथमिक कर्करोगही होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने आता जुन्या कायद्यांची जागा घेतली आहे. जुन्या यादीत शिसे, पारा, क्ष-किरण या सर्वांची नावे होती, सूर्यप्रकाशाचे नव्हते. कारखान्याच्या भिंतीआड काम करणारा मनुष्य गृहीत धरून ती यादी बनली होती, हे उघड आहे. कारखान्याच्या आवारात उघड्यावर राबणारा कंत्राटी मजूर आणि टँकरचालक त्या चित्रात बसत नव्हता.

जग मात्र या मुद्द्याकडे वळू लागले आहे. सूर्यकिरणे हे कर्करोगाचे निश्चित कारण असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्येच ठरवले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी संयुक्त अंदाज प्रसिद्ध केला. २०१९ मध्ये जगातले सुमारे १६० कोटी लोक, म्हणजे काम करण्याच्या वयातल्या लोकसंख्येपैकी २८ टक्के, काम करताना सूर्याच्या अतिनील किरणांना सामोरे जात होते. मेलॅनोमा वगळता त्वचेच्या इतर कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश मृत्यू उघड्यावरच्या कामाशी जोडलेले आहेत, असेही त्यात म्हटले आहे. या आकड्यांत गोऱ्या देशांचा वाटा मोठा असला, तरी 'ऊन हा व्यावसायिक धोका आहे' हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले आहे.

आकड्याचा अर्थ

आता बाटलीवरच्या आकड्याकडे. एसपीएफ हे प्रयोगशाळेतले गुणोत्तर आहे. सनस्क्रीन न लावता त्वचा लाल होण्यास जितकी किरणे लागतात, त्याच्या किती पट किरणे सनस्क्रीन लावल्यावर लागतात, हे तो आकडा सांगतो. तो प्रामुख्याने यूव्हीबी या त्वचा भाजणाऱ्या किरणांविषयी असतो. एसपीएफ १५ असलेले सनस्क्रीन असे सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३० असलेले सुमारे ९७ टक्के आणि ५० असलेले सुमारे ९८ टक्के. तीसच्या पुढे आकडा चढतो तसा लाभ अगदी थोडा वाढतो; किंमत मात्र झपाट्याने वाढते. 'पन्नास म्हणजे पन्नास पट वेळ उन्हात बसता येते' हा समज सर्वांत घातक आहे. घाम, पाणी आणि रुमाल यांच्यापुढे हा हिशेब तासाभरात कोलमडतो.

जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए प्रकारचे असतात. ते त्वचेत खोलवर जातात, लाली न आणता रंग गडद करतात आणि सुरकुत्यांना कारण होतात. काचेतून यूव्हीबी बहुतांशी अडतात, पण यूव्हीए बऱ्याच प्रमाणात आत येतात. ट्रकच्या पुढच्या थर दिलेल्या काचेपेक्षा बाजूची काच या बाबतीत कच्ची असते. म्हणूनच भारतातल्या टँकरचालकाचा उजवा हात आणि उजवा गाल अधिक उन्हाळलेला दिसतो. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असते. तिथल्या एका वयस्क ट्रकचालकाच्या चेहऱ्याची फक्त डावी बाजू सुरकुतलेली दाखवणारे छायाचित्र २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते.

यूव्हीएपासून मिळणारे संरक्षण एसपीएफच्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी जपानी पद्धतीनुसार पीए या अक्षरांपुढे अधिकची चिन्हे छापतात. चार चिन्हे म्हणजे सर्वाधिक. युरोपीय शिफारशीनुसार यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश असावे लागते. भारतीय ग्राहकाने 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द आणि पीएपुढची किमान तीन चिन्हे पाहावीत. वांगाचा त्रास असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. सावळ्या त्वचेत साधा दृश्य प्रकाशही रंग गडद करतो आणि नेहमीचे पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. लोहाचे ऑक्साइड मिसळलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अशांना अधिक उपयोगी पडते.

हा आकडा खरा असेल याची खात्री कोण देतो? अमेरिकेत सनस्क्रीन हे औषध मानले जाते. युरोपात आणि भारतात ते सौंदर्यप्रसाधन आहे. भारतात त्याला २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात आणि कोणती किरणशोषक द्रव्ये किती प्रमाणात वापरता येतील हे भारतीय मानक ठरवते. आकड्याची चाचणी करून घेण्याचे काम मुख्यतः उत्पादकाकडेच असते. कडक नियमनासाठी ओळखल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियातही २०२५ मध्ये 'चॉइस' या ग्राहक संस्थेने २० सनस्क्रीन तपासली, तेव्हा १६ उत्पादने लेबलावरच्या आकड्याला पुरी पडली नाहीत. पन्नासहून अधिक आकडा मिरवणाऱ्या एका उत्पादनाचा मोजलेला आकडा अवघा ४ निघाला आणि पुढे ते बाजारातून मागे घेण्यात आले. तिथे स्वतंत्र ग्राहक संस्थेने हे उघड केले. भारतात हा प्रश्न प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या जाहिरातयुद्धातून पुढे यावा, ही ग्राहकाच्या दृष्टीने समाधानाची बाब नाही. शासकीय प्रयोगशाळांतून नियमित नमुना तपासणी आणि निकालांची जाहीर प्रसिद्धी ही किमान अपेक्षा आहे.

दोन बोटांचा हिशेब

आकडा खरा असला तरी दुसरी अडचण उरते. एसपीएफची चाचणी त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम लेप लावून केली जाते. प्रत्यक्षात माणसे त्याच्या पाव ते निम्मे प्रमाण लावतात, असे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. प्रमाण कमी झाले की संरक्षण किमान तेवढ्या प्रमाणात घटते. काही प्रयोगांत त्याहूनही वेगाने घटलेले आढळते. पन्नासचे सनस्क्रीन वाटाण्याएवढे लावणारा माणूस खरे तर दहा-पंधराचे संरक्षण घेऊन घराबाहेर पडतो.

चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधले बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा, हे सोपे माप आहे. घराबाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ते लावावे, दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावावे. कान, मानेचा मागचा भाग, ओठ आणि हाताची पालथी बाजू हमखास विसरली जाते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन न लावता सावलीत ठेवावे. दुचाकीच्या डिकीत उन्हाने तापलेली आणि मुदत उलटलेली ट्यूब भरवशाची राहत नाही.

हे सारे नियमाने केले तर उपयोग होतो, याचा भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतातल्या नंबूर या गावाने दिला आहे. १९९२ ते १९९६ या काळात तिथल्या १६२१ रहिवाशांवर हा प्रयोग झाला. एका गटाला दररोज सनस्क्रीन लावण्यास सांगितले, दुसऱ्याला आपल्या मर्जीप्रमाणे. दररोज लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या आणि पुढच्या पाहणीत मेलॅनोमाचे प्रमाणही जवळपास निम्मे आढळले. त्वचेचे वार्धक्यही त्यांच्यात मंदावले. हे लोक गोरे होते, त्यामुळे कर्करोगाचे आकडे इथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. नियमित आणि पुरेशा वापराने फरक पडतो, हा निष्कर्ष मात्र त्वचेच्या रंगापलीकडे जाणारा आहे.

परवडण्याचा प्रश्न

आता हाच हिशेब लोटे येथील कंत्राटी कामगाराला लावून पाहावा. चेहरा, मान, कान आणि दोन्ही हात कोपरापर्यंत झाकायचे तर एका वेळेला सुमारे ३ ग्रॅम सनस्क्रीन लागेल. पाळीत तीनदा म्हणजे ९ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब सहा दिवसांतही संपेल आणि महिन्याच्या २६ कामकाजी दिवसांना जवळपास पाच ट्यूब लागतील. ट्यूबची किंमत ४०० रुपये धरली तरी दरमहा दोन हजारांच्या घरातला हा खर्च, पाचशे रुपये रोज मिळवणाऱ्याची चार दिवसांची मजुरी खाणारा आहे. वस्तू व सेवा कराच्या दृष्टीनेही सनस्क्रीन हे सौंदर्यप्रसाधनच आहे. सप्टेंबर २०२५ च्या करकपातीत साबण, शाम्पू, टूथपेस्ट ५ टक्क्यांवर आले. सनस्क्रीन १८ टक्क्यांच्या गटातच राहिले.

त्यामुळे उपायांचा क्रम बदलणे भाग आहे. उघड्यावर राबणाऱ्यांच्या बाबतीत सनस्क्रीन ही संरक्षणाची शेवटची फळी असली पाहिजे. पहिली फळी कामाच्या वेळेची. सूर्य माथ्यावर असतानाच्या दोन-अडीच तासांत उघड्यावरचे जे काम पुढे-मागे करता येईल, ते हलवता येते. दुसरी फळी सावलीची. टँकर उभे राहतात तिथे पत्र्याची शेड, फाटकापासून टपरीपर्यंत झाडे, महामार्गाच्या कामावर हलवता येणारी ताडपत्री, याला फार मोठे भांडवल लागत नाही. तिसरी फळी कपड्याची. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा कपडा बहुतेक सनस्क्रीनपेक्षा अधिक आणि दिवसभर टिकणारे संरक्षण देतो. पातळ पांढरा सुती कपडा त्या मानाने कमी देतो आणि घामाने भिजला की आणखी कमी. शिरस्त्राणाला मानेवर येणारे कापड जोडणे हा काही रुपयांचा बदल आहे. कोकणातला शेतकरी डोक्याला पंचा गुंडाळतो आणि बाई पदर कपाळापर्यंत ओढते, त्यामागे हेच शहाणपण आहे. या सर्वांतून जो भाग उघडा राहील, त्याच्यासाठी सनस्क्रीन.

रासायनिक वसाहतीत यालाही एक अट जोडावी लागते. काही सनस्क्रीनमधल्या घटकांमुळे २,४-डी या तणनाशकाचे त्वचेतून आत शिरण्याचे प्रमाण वाढते, असे अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतील अभ्यासांत २००४ च्या सुमारास दिसून आले होते. प्रयोगशाळेतला निष्कर्ष थेट कारखान्याला लावणे योग्य नव्हे. तरीही कीटकनाशके, सॉल्व्हंट किंवा धूळ हाताळणाऱ्या विभागात तेलकट लेप लावून जाणे शहाणपणाचे नाही, इतका बोध त्यातून घेता येतो. तिथे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा पोशाख यांनाच प्राधान्य हवे. सनस्क्रीन लावायचे ते काम संपवून, हातपाय धुऊन, उन्हात निघताना. कोणत्या विभागात काय वापरावे हे कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवावे आणि ते मराठी-हिंदीत फलकावर लावावे.

नव्या संहितेबरोबर चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची तरतूद पुढे आली आहे. रक्तदाब आणि साखरेबरोबर त्या तपासणीत त्वचा आणि डोळे पाहिले जाणे कठीण नाही. न भरणारी जखम, आकार बदलणारा तीळ, उघड्या भागावर वारंवार उठणारे पुरळ यांची नोंद झाली, तरच लोट्यासारख्या ठिकाणी ऊन आणि रसायन मिळून काय करतात याचे उत्तर पुढच्या काही वर्षांत मिळू शकेल. ही तपासणी कंत्राटी कामगारांपर्यंत आणि टँकरचालकांपर्यंत पोहोचते की नाही, यावर तिची खरी किंमत ठरेल.

गोरेपणाच्या बाजारातून बाहेर

सनस्क्रीनविषयीचे आक्षेपही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजेत. काही किरणशोषक द्रव्ये त्वचेतून रक्तात उतरतात, हे अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०१९ आणि २०२० च्या अभ्यासांनी दाखवले. त्यामुळे अपाय होतो असे त्यातून सिद्ध झालेले नाही. अधिक माहिती हवी, एवढेच प्रशासनाचे म्हणणे आहे. ज्यांना शंका वाटते त्यांच्यासाठी जस्त किंवा टायटेनियमच्या ऑक्साइडवर आधारित उत्पादने आहेत. हवाई बेटांनी १ जानेवारी २०२१ पासून प्रवाळाच्या रक्षणासाठी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आणली. मालवणच्या समुद्रात प्रवाळ पाहण्यासाठी उतरणाऱ्या पर्यटकांनी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख वापरला, तर त्वचा आणि समुद्र दोन्ही राखले जातील. ड जीवनसत्त्वाची चिंताही बरीचशी अनाठायी आहे. माणसे ज्या प्रमाणात सनस्क्रीन लावतात, त्याने ते घटत असल्याचे सहसा दिसत नाही.

खरी अडचण या वस्तूच्या ओळखीत आहे. भारतात सनस्क्रीन विकले जाते ते 'टॅन' घालवण्याच्या आणि उजळ दिसण्याच्या आश्वासनावर. 'फेअर अँड लव्हली' या क्रीमचे नाव २०२० मध्ये बदलले, पण गोरेपणाचे आकर्षण बाजारातून गेले नाही. त्याच फळीवर सनस्क्रीन बसवले गेल्याने वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्याला ते दिवसातून दोनदा आवश्यक वाटते आणि भर उन्हात वेल्डिंग करणाऱ्याला ते आपल्यासाठी नाहीच असे वाटते. ज्याला गरज कमी, त्याच्याकडे जास्त. ज्याला गरज अधिक, त्याच्याकडे काहीच नाही, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी बदलण्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. शासनाने लेबलावरचे आकडे तपासून निकाल जाहीर करावेत. कारखाने आणि ठेकेदारांनी बूट व हातमोज्यांप्रमाणे उन्हापासूनचे संरक्षण आपल्या जबाबदारीत धरावे, त्यात आधी वेळ, सावली व कपडा आणि मग सनस्क्रीन असा क्रम ठेवावा. हवामान खात्याच्या तापमानाबरोबर अतिनील निर्देशांकही रोजच्या बातम्यांत सहज दिसावा. कोकणात पावसाचे अंदाज घरोघरी ऐकले जातात. उन्हाचा अंदाजही तसाच ऐकला गेला, तर मेच्या साडेबारा वाजता आंब्याच्या झाडावर चढायचे की सकाळी सहालाच काम उरकायचे, हे बागायतदार आपणच ठरवील.